एकाच कलमाखालचे दोघे

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्या बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या पर्सोनेल खात्यात मी अकरा वर्षं नोकरी करते. हजेरी, रजा, गेटपास, नेमणुकीची पत्रं हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. कुणाला कामावरून कमी करायचं झालं, तर ते पत्रही मीच टाइप करते. सही मॅनेजरसाहेबांची असते. त्यामुळे आपण कुणाचं काही वाईट केलं असं मला कधी वाटलं नव्हतं.

आमच्या गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवणारा एक माणूस होता. उत्तर प्रदेशचा, तिशी ओलांडलेला. सरावलीत आणखी तिघांबरोबर भाड्याच्या खोलीत राहायचा. कामाला चोख, पण तोंडानं फटकळ. दिवाळीनंतर एके दिवशी ट्रक कुठं लावायचा यावरून त्याची गेटवरच्या वॉचमनशी बाचाबाची झाली. वॉचमन वाडा तालुक्याकडचा, मराठी. फोर्कलिफ्टवाल्यानं रागारागात कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजातला मेसेज टाकला. "इन मराठी लोगों से काम होता नहीं, कामचोर कौम है, इसीलिए तो कंपनी हमको इतनी दूर से बुलाती है."

तासाभरात तो मेसेज वसाहतभर फिरला. दुपारी दोनच्या सुमारास मॅनेजरसाहेबांना कुणाचा तरी फोन आला, की संध्याकाळी तुमच्या गेटवर माणसं जमणार आहेत. तीन वाजता साहेबांनी मला आत बोलावलं, साडेतीनला पत्र तयार झालं आणि चार वाजता फोर्कलिफ्टवाल्याचा गेटपास माझ्या ड्रॉवरमध्ये जमा झाला. तो कायम झालेला नव्हता, म्हणून चौकशी वगैरे करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. पत्रात मी कंपनीच्या नियमावलीतलं एक कलम घातलं होतं. सहकाऱ्याच्या जात, धर्म, प्रांत, भाषा किंवा वर्णावरून अपमानास्पद बोलणे.

पत्र हातात घेऊन तो माझ्यासमोर उभा राहिला.

"मैडम, एक बार साहब से बात करा दीजिए. गुस्से में निकल गया मुँह से."

"साहेब मीटिंगमध्ये आहेत," मी म्हणाले.

साहेब मीटिंगमध्ये नव्हते. काचेच्या केबिनमध्ये चहा पीत होते.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये विषय निघाला तेव्हा मी म्हणाले, "बरं झालं. भय्याला कळलं आपण कुठं आहोत ते." टेबलावरचे सगळे हसले आणि मीही हसले. शेजारच्या टेबलावर पॅकिंगच्या बायका डबे उघडून बसल्या होत्या. त्यांच्याकडे माझं लक्षही नव्हतं.

त्यांच्यातलीच एक मे महिन्यात माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. उमरोळीपासून आत, डोंगराच्या बाजूला तिचा पाडा आहे. आदिवासी, दहावी पास, नऊ वर्षं पॅकिंगच्या लायनीवर. हाताखाली आलेल्या नव्या मुलींना तीच शिकवते. चहाच्या सुट्टीत आली होती, डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली. तिनं वहीचं फाडलेलं एक पान टेबलावर ठेवलं.

"हे घ्या मॅडम. नंबर टाकून मला पोच द्या."

मी वाचलं. अक्षर वळणदार होतं. सोमवारी लायनीवर तिच्याकडून एका खोक्यात आधीच्या बॅचची लेबलं गेली होती. चूक माझी आहे, असं तिनं सरळ लिहिलं होतं. त्यावर प्रॉडक्शनचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "झाडावरून उतरलात ते थेट इथंच आलात काय? जसा रंग तशीच अक्कल." खाली एकच ओळ होती, मला याचं उत्तर पाहिजे.

ते साहेब कोण, हे मला वेगळं सांगायला नको होतं. ते साताऱ्याकडचे. त्यांचं गाव माझ्या माहेरापासून एसटीनं अर्ध्या तासावर. आम्ही नवे नवे इकडं आलो, माझे यजमान तारापूरला वीज केंद्रात लागले आणि मी घरी बसून कंटाळले होते, तेव्हा याच साहेबांनी शब्द टाकून मला इथं चिकटवलं होतं. घरी मी त्यांना भावोजी म्हणते. त्यांच्या बायकोची, वहिनींची, नि माझी संक्रांतीपासून दिवाळीपर्यंत देवाणघेवाण. तिचं मेतकूट माझ्या घरात, माझी चटणी तिच्या घरात.

"साहेब रागात बोलून गेले असतील गं," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"फोर्कलिफ्टवाला पन रागातच बोललेला. त्येला तुमी चार वाजता बाहेर काढला. मी कँटीनमधी होती मॅडम. तुमी हसलात ते पन बघितलं."

तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"तो वाईटच बोलला," ती पुढे म्हणाली. "मला बी राग आला. माझी भाषा मराठीच हाय ना? पन तवा सगळ्यांना राग आला आनि आता कुनालाच नाय. सोमवारपासून वाट बघते, कोनी बोलवंल, इचारंल. आज गुरुवार. चूक झाली तं चुकीवर बोला. कातडीवर कशाला जाता?"

"पोलिसात जायचा तुला हक्क आहे," मी म्हणाले. तिला हे सांगावं असं मला खरंच वाटलं, की ती तिथं गेली तर हे माझ्या टेबलावरून उठेल असं वाटलं, ते आजही मला नीट सांगता येणार नाही.

"ठावं हाय. पाड्यावर सगळे तेच सांगतात. पन नऊ वर्सं इथं काम केलंय. आधी इथं बघते."

पोच संध्याकाळी ने, असं सांगून मी तिला पाठवलं. खरं तर शिक्का मारायला आणि आवक रजिस्टरात नंबर टाकायला अर्धा मिनिटही लागत नाही. पण आधी मॅनेजरसाहेबांना दाखवावं असं मला वाटलं. अकरा वर्षांची सवय.

आमचे मॅनेजरसाहेब किनाऱ्याकडच्या एका गावातले. घरची वाडी आहे, रविवारी स्वतः झाडांना पाणी सोडतात. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. माणूस वाईट नाही, फक्त कटकट नको असलेला. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि टेबलाच्या काचेखाली सरकवला.

"तो तसा नाहीये. गमतीत बोलला असेल. मी सांगतो त्याला दोन शब्द. आवक केलंयस का हे?"

"हो साहेब," मी म्हणाले.

हे खोटं होतं. असं खोटं मी साहेबांशी त्याआधी कधी बोलले नव्हते. का बोलले, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. केलं नाही असं म्हटलं असतं, तर त्यांनी "मग राहू दे" म्हटलं असतं आणि मी राहू दिलं असतं. मला स्वतःची खात्री होती, म्हणूनच बहुतेक तो शब्द तोंडातून निघाला.

"नंबर पडला?" त्यांनी विचारलं.

"पडला. झेरॉक्स काढून आणते, कागद द्या."

मी कागद घेऊन बाहेर आले आणि शिक्का मारला. हात इतका दाबला गेला की शाई पसरली. रजिस्टरात नंबर टाकला, पोच लिहिली आणि संध्याकाळची वाट न बघता पॅकिंगच्या दारापर्यंत जाऊन तिच्या हातात दिली. तिनं ती वाचून ॲप्रनच्या आतल्या खिशात ठेवली आणि परत लायनीवर गेली.

घरी मी यजमानांना सगळं सांगितलं. ते भाजी निवडत बसले होते. ऐकता ऐकता सगळी जुडी निवडून झाली.

"भावोजींनी तुला लावलंय," शेवटी म्हणाले.

"माहितीय."

"आपल्या सोसायटीचं आठवतं का तुला?"

मला आठवत होतं. पालघरला आमचं पहिलं भाड्याचं घर होतं, तेव्हाची गोष्ट. समोरच्या घरातली माणसं जिन्यात आम्ही दिसलो की आपसांत बोलायची, "घाटी आले बघ." मला दोनदा ऐकू आलं, तिसऱ्यांदा मी सेक्रेटरींकडे गेले. ते हसले. "अहो, घाटावरून आलात म्हणून घाटी. त्यात काय एवढं?" पुढं एकदा यजमानांची सहनशक्ती संपली आणि ते समोरच्यांच्या मासळीवरून काहीतरी लागट बोलले. त्याच सेक्रेटरींनी आठ दिवसांत आम्हाला लेखी नोटीस पाठवली, शेजाऱ्यांच्या भावना दुखावल्याबद्दल. आम्ही ती नोटीस कितीतरी दिवस एकमेकांना वाचून दाखवायचो आणि चिडायचो. यजमान बोलले ते वाईटच होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. राग त्याचा नव्हता. आम्ही बोललो तो गुन्हा आणि ते बोलले ती गंमत, याचा होता.

"आता नोटीस पाठवणाऱ्याच्या जागी तू आहेस," यजमान म्हणाले. "खोटं लिहू नकोस. आणि कुणाला बुडवायचं म्हणून खरंही वाढवून लिहू नकोस. एवढंच बघ."

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून कंपनीची नियमावली काढली. ते कलम मला पाठ होतं, कारण दिवाळीनंतर मीच ते टाइप केलं होतं. पण त्याच्या खालचा मजकूर मी तेव्हा वाचला नव्हता. या कलमाखाली कोणतीही शिक्षा करण्याआधी संबंधिताला लेखी कळवावं, त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं, असं तिथं स्वच्छ छापलेलं होतं. आणि कायम, हंगामी, ठेकेदाराकडचा असा कसलाही भेद त्यात नव्हता. म्हणजे फोर्कलिफ्टवाल्याचं म्हणणं ऐकायला हवं होतं, आणि मी त्याला काचेच्या अलीकडे थांबवून परत पाठवलं होतं.

पान उघडं ठेवूनच मी मॅनेजरसाहेबांकडे गेले. त्यांनी वाचलं.

"हे बघ," ते म्हणाले, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती. तेव्हा प्रकरण गेटच्या बाहेर गेलं होतं. संध्याकाळी पाच-पन्नास माणसं येऊन उभी राहिली असती. हे घरातल्या घरात आहे."

"म्हणजे गर्दी आली तर कलम लागतं, साहेब?"

"तसं नाही म्हणत मी."

"तिनं पण गर्दी आणायची का मग? पाडे आहेत तिच्याकडे. येतील माणसं. ती म्हणते, आधी इथं बघते."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. "जा तू," म्हणाले.

तिथून पुढचे आठ दिवस मी कसे काढले, ते माझं मला ठाऊक. प्रॉडक्शनचे साहेब हजेरीच्या खिडकीसमोरून जायचे ते मान वळवून. एरवी रोज सकाळी "काय सातारकर" म्हणून हाक असायची, ती बंद झाली. वहिनींचा फोन नाही. मी केला तर उचलला नाही. कँटीनमध्ये माझ्या टेबलावरच्या दोघी दुसरीकडे बसायला लागल्या. राजीनामा कसा लिहायचा ते मला चांगलं ठाऊक होतं, किती तरी लोकांना लिहून दिलेत. मनातल्या मनात मी स्वतःचा लिहून ठेवला होता.

आठव्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी बोलावलं आणि सांगितलं, "बुधवारी अकरा वाजता चौकशी. लॅबच्या बाई बसतील माझ्याबरोबर. तू टिपण घ्यायचंस. त्याला पत्र दे, तिला पत्र दे. नियमात लिहिलंय तसंच."

त्यांचं मन कशानं वळलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

बुधवारी मीटिंगच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. मॅनेजरसाहेब, लॅबच्या वरिष्ठ बाई, प्रॉडक्शनचे साहेब, पॅकिंगवाली आणि मी. मी आदल्या दिवसापासून एकाच गोष्टीला घाबरले होते. प्रॉडक्शनचे साहेब म्हणतील, मी असं बोललोच नाही. मग लायनीवरच्या बायकांना एकेक करून बोलवावं लागेल. त्यांना रोज त्यांच्याच हाताखाली काम करायचंय. एक म्हणेल ऐकू आलं नाही, दुसरी म्हणेल मी मागं होते, आणि शेवटी पॅकिंगवालीच खोटी ठरेल.

मॅनेजरसाहेबांनी तक्रार वाचून दाखवली आणि विचारलं, "हे तुम्ही बोललात का?"

प्रॉडक्शनचे साहेब टेबलाकडे बघत होते.

"बोललो," ते म्हणाले. "हेच शब्द."

लॅबच्या बाईंना वाटलं, त्यांना प्रश्न कळला नाही. "नाकारायचं असेल तर साक्षीदार बोलावता येतील," त्या म्हणाल्या.

"त्यांना कशाला त्यात ओढता? मीच सांगतोय. त्या दिवशीच नाही, एरवीपण बोलतो असलं. आमच्या घरी, गावाला, सगळीकडं असंच बोलताना ऐकत आलोय. आजवर कुणी लिहून दिलं नव्हतं, म्हणून मला ते लागट बोलणं वाटतच नव्हतं."

माझा पेन थांबला. छातीवरचं इतक्या दिवसांचं ओझं एकदम उतरलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं आणि मी मान खाली घालून ते कागदावर पडू नये म्हणून धडपडत होते. भावोजी खोटं बोलले नाहीत. ते जे बोलले होते ते वाईटच होतं, आणि ते खोटं बोलले नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, हे मला त्या खोलीत बसून पटलं.

मॅनेजरसाहेबांनी पॅकिंगवालीला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे? काय व्हावं असं वाटतं?"

"माफी लिवून नको," ती म्हणाली. "कागद फायलीत जातो. लायनीवर, त्याच जागी, त्याच बायांसमोर सांगावं. आनि कामावरून काढू नका. काढला तं दुसऱ्या कंपनीत जातील, तिथं दुसऱ्या कुनाला बोलतील."

लॅबच्या बाईंना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. प्रॉडक्शनच्या साहेबांनी तिच्याकडे पहिल्यांदा वर मान करून पाहिलं.

आता सगळे उठणार, तेव्हा मी बोलले. टिपण घेणाऱ्यानं बोलायचं नसतं.

"साहेब, याच कलमाखाली एक जण चौकशीशिवाय गेलाय."

"ते आजच्या विषयात नाही," मॅनेजरसाहेब म्हणाले.

"इषय तोच हाय," पॅकिंगवाली म्हणाली.

साहेबांनी फाइल मिटली. पण मी टिपणाच्या शेवटी माझं आणि तिचं, ती दोन्ही वाक्यं लिहिली, आणि त्यांनी सही करताना खोडली नाहीत.

प्रॉडक्शनच्या साहेबांना चार दिवस बिनपगारी घरी बसवलं. पाचव्या दिवशी सकाळी ते कामावर आले. लायन सुरू व्हायच्या आधी बायका आपापल्या जागी उभ्या होत्या. मला नियमानुसार तिथं हजर राहायचं होतं. ते म्हणाले, "त्या सोमवारी मी इथं जे बोललो, रंगावरून, ते मी बोलायला नको होतं. मी माफी मागतो."

आवाज खाली गेला होता. मागच्या बाजूनं एक वयस्क बाई म्हणाली, "सायेब, मागं ऐकू नाय आलं."

मला वाटलं, आता बिनसलं. पण त्यांनी घसा साफ केला आणि तेच शब्द पुन्हा मोठ्यानं सांगितले. पॅकिंगवालीनं मान हलवली. मग तिनं टोपी नीट केली, कुणीतरी बटण दाबलं आणि पट्टा सरकायला लागला. दोन मिनिटांचा कार्यक्रम. मी पर्सोनेलमध्ये परत आले आणि बाटलीभर पाणी उभ्यानंच प्यायले.

आठवडा गेला. एके दिवशी मॅनेजरसाहेब माझ्या टेबलाजवळ थांबले. "त्या फोर्कलिफ्टवाल्याचा नंबर आहे का?"

नंबर होता. मी फोन केला तर तो आधी घाबरला. त्याला वाटलं, जुनं प्रकरण आता पोलिसांत गेलं. मी समजावून सांगितलं, की चौकशी राहिली होती ती करायची आहे, तुमचं म्हणणं ऐकायचं आहे. "अब?" तो म्हणाला. एवढाच शब्द. पण साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी वापीहून आला. तिथं त्याला एका कारखान्यात काम मिळालं होतं, भाऊही तिथंच होता. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

चौकशीत त्यानं काही लपवलं नाही. "बोला मैंने. जो बोला, ग़लत बोला. उस दिन से किसी ग्रुप में आवाज़ नहीं डालता." वॉचमनलाही बोलावलं होतं. तो म्हणाला, ट्रकच्या वेळी मीपण याला काही कमी बोललो नव्हतो, पण माझं बोलणं रेकॉर्ड झालं नाही. हे तोपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण कुणी विचारलंच नव्हतं.

त्याचं काढून टाकण्याचं पत्र रद्द झालं आणि त्या जागी चार दिवसांची बिनपगारी शिक्षा लिहिली गेली. प्रॉडक्शनच्या साहेबांना दिलेलीच. मॅनेजरसाहेबांनी वॉचमनलाही समज देणारं पत्र द्यायला सांगितलं आणि फोर्कलिफ्टवाल्याला म्हणाले, "तू परत येऊ शकतोस."

"नहीं साहब. उधर ठीक है, भाई है. बस काग़ज़ दे दीजिए कि निकाला नहीं था. जहाँ जाता हूँ, पुरानी कंपनी का पूछते हैं."

मी ते पत्र टाइप केलं. इतकी पत्रं टाइप केली, पण एवढ्या काळजीनं त्याआधी कुठलं केलं नसेल. तीनदा वाचलं. त्याच्या नावात एक अक्षर चुकलं होतं, जुन्या पत्रातही तसंच चुकलं होतं. ते दुरुस्त केलं. पत्र देताना मी म्हणाले, "उस दिन साहब मीटिंग में नहीं थे. मैंने झूठ बोला था आपसे."

तो हसला. "पता था मैडम. काँच से दिख रहे थे."

मलाही हसू आलं, आणि शरमही वाटली. त्यानं कागदाची घडी न घालता तो प्लास्टिकच्या पिशवीत सरळ ठेवला आणि वॉचमनला हात करून स्टेशनकडे निघून गेला. 'भय्या' हा शब्द त्यानंतर माझ्या तोंडून कधी गेलाच नाही, असं मी म्हणणार नाही. दोनदा गेला. पण दोन्ही वेळा माझा मलाच ऐकू आला.

राहिल्या वहिनी. एका रविवारी बोईसरच्या भाजीबाजारात त्या समोरच आल्या. मी मेथीच्या जुडीकडे बघायला लागले. त्यांनी येऊन माझ्या हातातली जुडी घेतली, उलटी करून पाहिली आणि परत ठेवली.

"शिळी आहे ही," म्हणाल्या. मग जरा थांबून, "चार दिवस घरात होते. लग्नाला सोळा वर्षं झाली, पहिल्यांदा माळा साफ केला त्यांनी."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या, पण चिडलेल्याही नव्हत्या.

"बोलत नव्हते चार दिवस. शेवटच्या दिवशी मला म्हणाले, मी घरातपण असं बोलतो का गं? मी म्हटलं, पोरांना विचारा." त्यांनी पलीकडच्या गाड्यावरची दुसरी जुडी उचलली. "ही घे. आणि माझा चटणीचा डबा रिकामा होऊन महिना झाला."

मी बाजारातून घरी आले ती जवळजवळ पळतच. त्याच दुपारी चटणी कुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या खिडकीसमोर भावोजी थांबले. "काय सातारकर" म्हणाले नाहीत. "डबा पोचला," म्हणाले, आणि पुढे गेले. मला तेवढं पुष्कळ होतं.

जुलैत पॅकिंगवाली परत माझ्या टेबलासमोर आली. हातात टोपी होती. मी आवकीचा शिक्का जवळ ओढला.

"सुट्टी पायजे मॅडम. सोमवार, मंगळवार."

मी शिक्का बाजूला ठेवला आणि रजेचा फॉर्म काढला. "कारण?"

"कारन लिवायलाच पायजे का?"

"रकाना आहे."

"मग लिवा, भात लावायचाय. दोन दिसांत नाय झालं तं बुधवारी फोन करीन, तवा ओरडू नका."

"ओरडणार नाही," मी म्हणाले, आणि बुधवारही पेन्सिलीनं लिहून ठेवला.